गेणूमामा नक्की कुणाचे

चैत्रातल्या जत्रेच्या सकाळी गेणूमामा आमच्या दारात उभे राहायचे ते खांद्यावर कलिंगड घेऊन, आणि राम राम नाही, कसं काय नाही, आल्या आल्या आमच्यावरच डाफरायचे. "आजून पीठ हाटाय घेतलं न्हाई? काय राव, पावण्याच्या जिवावर जत्रा करता व्हय?" मग कलिंगड पाण्याच्या टाकीत सोडायचं, टोपी खुंटीला अडकवायची, बाह्या वर सारायच्या आणि थेट मागच्या पडवीत चुलीपुढे जाऊन बसायचं. त्यांना पाणी विचारायला कुणाला सवडच मिळायची नाही. घर त्यांचं आणि आम्हीच चार दिवस राहायला आलोय, असं बघणाऱ्याला वाटावं. मी चाकणच्या कंपनीत लागल्यापासून तर ते मलाच 'पावणं' म्हणायचे. "या पावणं, हातपाय धुवा, लाजू नका," असं मला माझ्याच घरात सांगणारा हा एकच माणूस. त्यांच्याबद्दल आम्हाला पुढे जे कळलं, त्याचा धक्का मला अजूनही पुरता पचलेला नाही.

आमचं गाव ओतूरपासून जवळ. आसपासच्या जत्रांत बोकडं पडतात, आमच्या देवाला ते चालत नाही. त्यामुळे आमच्या जत्रेचं जेवण म्हणजे मासवडी, झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. बाहेरचा माणूस नाव ऐकून बिचकतो, पण मासवडीत मासा नावालाही नसतो. मसाल्याच्या उकळत्या पाण्यात बेसन घट्ट शिजवायचं, ओल्या फडक्यावर थापायचं, त्यावर तीळ, खोबरं, लसणाचं सारण पसरायचं आणि फडक्यासकट गुंडाळून तिला माशाचा आकार द्यायचा, एवढंच. त्यातलं अवघड काम म्हणजे पीठ हाटणं, शिजत्या पिठाला दांड्याने एकसारखं घोटत राहणं. हात थांबला की गुठळ्या, आणि जाळ वाढला की पीठ उडून मनगटावर फोड. जत्रेला घरोघरी पाहुण्यांच्या पंगतीवर पंगती उठतात, तेव्हा बायकांचे खांदे भरून येतात. गेणूमामांनी हे काम पहिल्यापासून आपल्याकडे घेतलं होतं. दोन्ही हातांत लाकडी दांडा धरून ते पातेल्याशी झटापट करायचे आणि तोंड चालूच असायचं. "बाई, मिठाचं तुमी बगा. मी पंगतीला बसल्याबिगर चव घेत न्हाई."

आईला ते 'बाई' म्हणायचे, अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, 'भाऊ', माझ्या आजोबांना सगळ्या गावासारखं 'दादा'. आम्ही भावंडं त्यांना मामा म्हणायचो. आमच्याकडे एसटीच्या कंडक्टरलाही पोरं मामाच म्हणतात, त्यामुळे त्या शब्दावरून नातं ओळखता येत नाही. त्यांनी मात्र सगळ्यांसाठी किती जपून शब्द निवडले होते, हे मला फार उशिरा लक्षात आलं. भाऊ आणि बाई कुणालाही म्हणता येतं. वहिनी म्हटलं असतं तर ते अण्णांच्या बाजूचे ठरले असते, अक्का म्हटलं असतं तर आईच्या.

आणि जत्रेच्या दिवशी विचारायचंही नसतं. आमच्या गावात ही रीत फार कडक आहे. जत्रेच्या दिवशी जो उंबऱ्याच्या आत आला तो पाहुणा. त्याला 'जेवलात का' विचारायचं, 'तुम्ही कुणाचे' असं विचारायचं नाही. कारण एकेका घरात सुनांच्या माहेरचे, लेकींच्या सासरचे, त्यांच्या गाडीत बसून आलेले, त्यांच्या बैलांच्या मागे आलेले असे सगळेच असतात. कुणा म्हाताऱ्याला चुकून असं विचारलं आणि तो नेमका घरधन्याचा सख्खा मावसा निघाला, तर ते रुसणं दोन पिढ्या पुरतं. म्हणून वाढणारा वाढत जातो आणि खाणारा खात जातो. गेणूमामा आमच्या घरात आले ते याच दारातून. दादा तेव्हा होते. त्यांना नीट दिसत नसे, पण जत्रेच्या दिवशी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारण्याचं काम ते सोडत नसत. पहिल्या वर्षी त्यांनीच "गेणू आलाय, त्याला वाढा," म्हणून आत सांगितलं होतं, एवढं आईला आठवतं. दादांनी सांगितलं म्हटल्यावर प्रश्न मिटला.

पंगतीत मामांची जागा ठरलेली, शेवटची, दाराजवळची. कितीही ओढलं तरी मध्ये बसायचे नाहीत. पहिला घास घेताना बोलायचे नाहीत आणि दुसऱ्याला बोलू द्यायचे नाहीत. "पयला घास गप गिळायचा. ज्यानं रांधलं त्येचा त्यो मान हाय. दुसऱ्या घासापासनं काय शिव्या द्यायच्या त्या द्या." माझा पुण्याचा एक मित्र एकदा जत्रेला आला होता. त्याने रश्श्याचा पहिला घोट घेतला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि "बापरे, हे लोक रोज खातात?" असं माझ्या कानात म्हणाला. मामांनी ते ऐकलं. उठून गेले, टाकीतलं कलिंगड आणलं, त्याची मोठी फोड चिरून मित्राच्या ताटात ठेवली आणि म्हणाले, "पावणं, एक घोट तिकाट, एक घास गार. रडत रडत जेवा, पर जेवा." मित्राने त्या दिवशी किती मासवड्या खाल्ल्या ते तो अजून पुण्यात सांगत असतो.

त्यांना माणसांपेक्षा घरं जास्त माहीत असायची. कुठल्याही गावाचा विषय काढा, तिथलं एखादं तरी घर त्यांच्या ओळखीचं निघायचं, आणि ओळखीची खूण एकच, "त्या घरात मी जेवलोय." कुणाच्या बोलण्यात एखादं मोठं नाव आलं, बंगलेवाला, ट्रॅक्टरवाला, तर मामा नाक मुरडायचे. "लई मोठं घर हाय. पर वाढाय येतात तवा पळी भांड्यातच ऱ्हाती." अण्णा त्यावर पोट धरून हसायचे. अण्णांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. त्यांना प्रत्येक गोष्ट नक्की लागते, किलोत आणि क्विंटलमध्ये. पण मामांच्या या मापाला त्यांनी कधी हरकत घेतली नाही.

माझी धाकटी बहीण शीतल, तिला बोरी बुद्रुकचं स्थळ आलं तेव्हा अण्णा महिनाभर अडून बसले होते. मुलगा चांगला, शेती बागायती, पण घरातली माणसं कशी, हे कोण सांगणार? शेजारपाजारचे लोक एक तर गोड बोलतात, नाही तर जुना बांधाचा राग काढतात. त्या जत्रेत पंगत उठल्यावर अण्णांनी सहज मामांपुढे विषय काढला. मामा सुपारी कातरत होते. त्यांनी घराण्याचं नाव ऐकलं, दोन-तीन खुणा विचारल्या, वाड्यावस्तीवर घर कुठं, दारात कसलं झाड, आणि अडकित्ता खाली ठेवला. "भाऊ, डोळं झाकून पोरगी द्या. त्या घरात मी जेवलोय." आठ दिवसांत सुपारी फुटली.

लग्नात आणखी एक गोष्ट झाली. माझ्या आईला एकच भाऊ होता, तो तरुणपणीच गेला. त्यामुळे मंडपात भटजींनी "मुलीचे मामा, मुलीला घेऊन या," असं पुकारलं तेव्हा आई पदराने डोळे पुसत उभी राहिली. आणि मग कुणी ठरवलं, कुणी सांगितलं, काही कळलं नाही; चार-पाच हातांनी मिळून गेणूमामांना पुढे ढकललं. "चला की मामा, वाट कुनाची बगता?" मामांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी? न्हाई, मी कसा?" असं ते दोनदा म्हणाले. मला वाटलं, भरून आलंय. त्यांनी शीतलचा हात धरून तिला मंडपात आणलं आणि मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या पाठीशी उभे राहिले. अण्णांनी त्यांना मानाचा फेटा बांधला, तो ते संध्याकाळपर्यंत सारखा हाताने चाचपत होते.

त्यानंतर सगळं जगच बंद पडलं ते वर्ष आलं. गावोगावच्या जत्रा रद्द झाल्या, आमचीही झाली. कंपनीला कुलूप, म्हणून मी घरीच होतो. आई अण्णांचा मोबाईल घेऊन ओट्यावर बसली आणि एकेका पाहुण्याला फोन करून 'यंदा येऊ नका' म्हणून सांगू लागली. सगळे झाल्यावर तिने फोन अण्णांपुढे धरला.

"गेणूमामांना तेवडं तुमी कळवा."

"मी कशाला? तूच कळव की."

"माज्याकडं कुटं नंबर हाय? तुमचं मानूस, तुमी कळवा."

अण्णा दाढी करत होते. त्यांचा हात थांबला. "माजं मानूस?"

"मंग? तुमच्या आजोळचं न्हाई का, डिंगोऱ्याचं?"

"डिंगोऱ्यात आमच्या मामांच्यात गेणू नावाचं कुनी न्हाई. त्यो तुज्या माहेरचा हाय, तुमच्या भावकीतला."

आईने माझ्याकडे पाहिलं आणि मग अण्णांकडे. तिचं माहेर आंबेगाव तालुक्यातलं. धरण झालं तेव्हा ते गाव पाण्याखाली गेलं आणि भावकी जिकडे जमिनी मिळाल्या तिकडे पांगली. कोण कुठे आहे याचा अण्णांना कधी पत्ता लागला नाही, म्हणून हा त्यांतलाच एक असणार असं ते इतकी वर्षं धरून चालले होते. पण आई त्या गावात जन्मली होती. तिला आपलं माणूस माहीत असणार.

"आवो, आमच्या भावकीत ह्यो मानूस कदीच नव्हता," आई म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मला पुढे वाकावं लागलं.

"तू नीट आठव."

"काय आठवू? शीतलच्या लग्नात तुमी त्येंला मामा म्हनून हुबं केलं, तवा मी मनात म्हनलं, बायकोला भाऊ न्हाई म्हनून ह्येंनी आपल्या नात्यातलं मानूस दिलं. मी त्येचे उपकार मानत आले तुमचे."

"मी न्हाई हुबं केलं! मला वाटलं तूच तुजं मानूस पुडं केलं!"

साबण अण्णांच्या अर्ध्या गालावर वाळत चालला होता. मला आधी हसू आलं आणि मी ते दाबलं, कारण अण्णांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. दादांना विचारावं तर दादा जाऊन कितीतरी वर्षं झालेली. हा गेणू खरा कोण, हे त्यांच्याबरोबरच गेलं होतं. हा माणूस आमच्या चुलीपुढे बसत होता, आमच्या पंगतीत जेवत होता, आमच्या घरातली सगळी लग्नं, बारशी, भांडणं त्याला ठाऊक होती, आणि त्याचं गाव कोणतं हे आम्हा तिघांत एकालाही सांगता येत नव्हतं.

"कुनाच्या शब्दावर पोरगी दिली आपण?" अण्णा म्हणाले. "कोन व्हता त्यो?"

शीतलला विचारायचं नाही, हे आईने लगेच सांगून टाकलं. पोरगी सासरी सुखात होती, पण सासरच्या माणसांना कळलं की सुनेच्या पाठीशी मामा म्हणून एक परका माणूस उभा राहिला होता, तर तिने तिथे मान कशी वर करायची? व्याह्यांना काय सांगायचं, आम्हाला आमचा पाहुणा ओळखता येत नाही? आईला ही एकच भीती होती आणि तिने ती दोन वर्षं उराशी धरली. अण्णांचं दुखणं वेगळं होतं. त्यांच्या काट्यावर इतक्या वर्षांत एक बैलगाडी वजनाशिवाय आत गेली नव्हती, आणि त्यांच्याच घरात हा माणूस तसाच आत आला होता. दोन जत्रा बुडाल्या. त्या काळात अण्णा मध्येच जेवताना हात थांबवायचे आणि म्हणायचे, "चोर म्हनावा, तर चोरलं काय?"

तिसऱ्या वर्षी जत्रा पुन्हा भरली. बैलगाड्यांच्या शर्यतीही पुन्हा चालू झालेल्या, त्यामुळे गर्दी अशी की रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही. आदल्या दिवशी आईने अण्णांना बजावलं, "जत्रंत इचारायचं न्हाई. घरात व्याही हायेत. काय इचारायचं ते मागनं, बाजूला घेऊन." अण्णा हो म्हणाले. मामा येतील की नाही याचीही खात्री नव्हती. पण सकाळी दारात कलिंगड आलं, त्याच्याखाली मामा आले. खूप वाळले होते. पोटऱ्यांच्या काड्या झालेल्या. "आजून पीठ हाटाय घेतलं न्हाई?" त्यांनी विचारलं, आणि आई एकदम पदर तोंडाला लावून आत पळाली. त्या दिवशी पीठ हाटताना त्यांना मध्ये दोनदा थांबावं लागलं. दुसऱ्यांदा मी दांडा घेतला. ते नाही म्हणाले नाहीत.

दुपारच्या पंगतीला मामा दाराजवळच बसले आणि शीतलचे सासरे आग्रहाने त्यांच्या शेजारी येऊन बसले. पहिला घास गप झाला. मग व्याही मोठ्याने म्हणाले, "काय मामा, आमच्या जत्रंला तुमी येता, हितं भेटता, पर आपल्या गावाला कवा बोलवीत न्हाई. तुमच्या गावची जत्रा कवा असती?" यात वावगं काहीच नव्हतं. व्याही आपल्या सुनेच्या मामाला विचारत होते. मामा हसले आणि म्हणाले, "आमच्याकडं जत्राच न्हाई भरत." व्याही दुसऱ्या विषयाकडे वळणार, एवढ्यात रश्श्याची किटली हातात घेऊन उभे असलेले अण्णा बोलून गेले, "गाव कोन्तं, त्ये तरी सांगा."

आवाज चढलेला नव्हता. पण भरल्या पंगतीत, जत्रेच्या दिवशी, घरधन्याने पाहुण्याला गाव विचारलं होतं. भाकरी मोडणारे हात थांबले. आई दारात भाकऱ्यांची टोपली घेऊन उभी होती, ती तशीच राहिली. मामांनी अण्णांकडे पाहिलं. या प्रश्नाची वाट ते पहिल्या दिवसापासून बघत असावेत, असं मला त्यांच्या नजरेवरून वाटलं.

"भाऊ, मला गाव न्हाई," ते म्हणाले. "लहानपनी आईसंगं नगरकडनं आलो. ती गेली, मी ऱ्हायलो. ओतूरच्या बाजारात कांद्याच्या गोण्या उचलल्या, तितंच ऱ्हायलो. मी तुमचा कुनी न्हाई. बाईंचा बी न्हाई."

मामांनी पाण्याचा तांब्या बाजूला सारला.

"बैलगाडं बगाय आल्तो. ह्या दारावरनं चाललो व्हतो, तर वट्यावरनं दादांनी हाक मारली, 'कोन, गेणू का? किती उशीर केलास रं, आदी जेव.' भाऊ, मला आक्क्या जल्मात उशीर केला म्हनून कुनी रागवलं नव्हतं. मी व्हय म्हनलो. दुसऱ्या वर्सी तुमीच म्हनला, या मामा."

"आन आमच्यात?" व्याह्यांच्या तोंडून कसंबसं निघालं. "आमच्यात तर तुमी लगनाच्या आदीपासनं येताय. आमी म्हनायचो, आमच्या म्हातारीच्या माहेरचं हायेत. लगनात सुनेचे मामा निगाले तवा वाटलं, दोन्हीकडनं नातं आसल."

"तुमच्या म्हातारीनं बी कदी इचारलं न्हाई," मामा म्हणाले. "वाढाय आली की आदी दाराजवळच्या मानसाला वाढायची. मी दर साली बगत व्हतो. भाऊंनी पोरीसाटी इचारलं तवा म्हनलं, ह्या घरात पोर उपाशी ऱ्हायची न्हाई. माज्याकडं दुसरं काय व्हतं सांगाय?"

आम्ही त्या घराची शेती पाहिली होती, मुलाचा नोकरी-धंदा पाहिला होता, पत्रिका पाहिली होती. या माणसाने परका म्हणून ते घर पाहिलं होतं, आणि परक्याला घर जसं दिसतं तसं ते नातेवाइकाला कधीच दिसत नाही. अण्णांच्या हातातली किटली कलली होती, रस्सा जमिनीवर सांडत होता, आणि ते कुणाच्या लक्षात येत नव्हतं.

"मंग नाव तरी?" अण्णांनी विचारलं. आता त्यांच्या आवाजात विचारणं कमी आणि विनवणी जास्त होती.

"गेणूच म्हना. आता त्येच वापरात हाय."

मग मामांनी ताटातलं सगळं संपवलं. घाई नाही, राग नाही. मासवडीचा शेवटचा तुकडा रश्श्यात बुडवून खाल्ला, भाकरीने ताट पुसून घेतलं. आणि उठले ते ताट हातात घेऊन. मोरीपाशी बसले आणि राख घेऊन स्वतःचं ताट घासू लागले. आमच्याकडे पाहुण्याने आपलं ताट धुणं म्हणजे त्या घराशी संबंध संपवणं. आई टोपली टाकून धावली. "मामा, ठेवा त्ये! माजी शपत हाय तुमाला, ठेवा त्ये ताट!" त्यांनी ते विसळलं, पालथं घातलं, आणि इतकंच म्हणाले, "बाई, इतकी वर्सं तुमी धुतलं. आज मी धुतो." व्याही उठून मध्ये पडले, "आवो, कुनी तुमाला जा म्हनलं का?" खरंच कुणी म्हटलं नव्हतं. मामांनी खुंटीवरची टोपी घेतली आणि शर्यतीच्या गर्दीत शिरले. मी मागोमाग घाटापर्यंत, जिथं बैलगाडे पळतात तिथपर्यंत, गेलो, पण त्या धुळीत एकसारख्या हजार पांढऱ्या टोप्या होत्या.

ज्या गोष्टीला आई भ्यायली होती ती झालीच नाही. व्याही जाताना अण्णांना म्हणाले, "लगीन मोडा म्हननारं बी कुनी भेटल, पर असला मामा कुनाला मिळतो?" शीतलने फोनवर सगळं ऐकलं आणि अण्णांना असं काही बोलली की त्यांनी फोन आईकडे दिला. आई त्यांच्याशी बरेच दिवस कामापुरतंच बोलत होती. ओतूरच्या बाजारात अण्णा कितीतरी वेळा जाऊन आले. तिथल्या हमालांना गेणू नावाचा कुणी माहीत नव्हता, आणि खरं नाव अण्णांना माहीत नव्हतं.

पुढच्या जत्रेला मामा आले नाहीत. मग आमच्या अण्णांनी जे केलं, ते मला कुणी सांगितलं असतं तर मी खोटं म्हटलं असतं. ज्यांना बैलगाड्यांची धूळ सहन होत नाही, जे आमंत्रणाशिवाय सख्ख्या भावाकडेही पाणी पीत नाहीत, ते अण्णा चैत्र-वैशाखभर जुन्नर आणि आंबेगावच्या जत्रा हिंडू लागले. एसटीने जायचे, कुठल्यातरी अनोळखी घरात शिरायचे, पंगतीला बसायचे आणि दाराजवळच्या जागेकडे बघत राहायचे. घरी आले की आश्चर्याने सांगायचे, "मला कुनी इचारलंच न्हाई मी कोन म्हनून. वाढतच ऱ्हायले."

आंबेगाव तालुक्यातल्या एका गावात, वैशाखातल्या जत्रेत, त्यांना घर सापडलं. जेवताना तिथली म्हातारी सुनेवर करवादली, की पिठात गुठळ्या ऱ्हायल्या, सदूभाऊ असते तर असं झालं नसतं. अण्णांनी सदूभाऊंचं वर्णन विचारलं. तेच. पौषाच्या थंडीत ते तिथे तापाने फणफणत आले होते. जत्रा नव्हती, सण नव्हता, तरी आले. त्या लोकांनी त्यांना आत घेतलं, औषधपाणी केलं, आणि तिथेच ते गेले. त्या घरातल्या थोरल्याने अग्नी दिला. त्यांचा समज होता की सदूभाऊ म्हातारीच्या माहेरचे, आणि म्हातारीचा समज होता की ते तिच्या नवऱ्याच्या बाजूचे. अण्णांनी त्यांचा समज मोडला नाही. फक्त त्या थोरल्याने विचारलं, "तुमी त्येंचे कोन?" तेव्हा, ज्या माणसाने उभ्या आयुष्यात वजनात पाव किलोची लबाडी केली नाही, तो म्हणाला, "दाजी. त्यांची बहीण दिलीया मला." हे त्यांनी मला खूप नंतर सांगितलं.

ते त्या जत्रेतून परतले त्या दिवशी उतरत्या दुपारी मी घरीच होतो. आमच्याकडे नात्यातलं माणूस गेल्याचं कळलं, की डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय कुणी उंबऱ्याच्या आत येत नाही. परक्यासाठी असं कुणी करत नाही. अण्णा एसटीतून उतरून आले आणि अंगणातच थांबले. चपला काढल्या, टोपी काढली. उन्हात तसेच उभे राहिले. आई बाहेर आली.

"पानी काड," ते म्हणाले. "आंगोळ करायचीय."

आईने दाराची चौकट धरली. "कोन गेलं?"

"तुजा भाऊ."

कुठला भाऊ, असं तिने विचारलं नाही. बादली भरून आणली, अण्णांपुढे ठेवली, आणि मग अंगणातल्या धुण्याच्या दगडावर लुगड्यासकट बसून पहिला तांब्या तिने स्वतःच्या डोक्यावर ओतला.